अजिंठ्याच्या भिंतीवरची लाख

औरंगपुऱ्यातल्या रंगाच्या दुकानात चपडा मागितला की दुकानदार तपकिरी-सोनेरी पापुद्र्यांची पुडी बांधून देतो. चपडा म्हणजे गाळून पत्र्यासारखी पातळ केलेली लाख. पॉलिशवाले ती स्पिरिटमध्ये भिजत घालतात आणि विरघळली की कापडाच्या बोळ्यानं लाकडावर चोळतात. फ्रेंच पॉलिश म्हणतात ते हेच. यातला एक पापुद्रा अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरून पाहावा. दिवसाउजेडी मातकट दिसणारा तो पापुद्रा नारिंगी दिसू लागतो. हा प्रकाश त्याच्या आतून आलेला असतो. अतिनील किरण शोषून त्यांच्या जागी डोळ्यांना दिसणारा प्रकाश सोडायचा, या गुणाला शास्त्रात प्रतिदीप्ती म्हणतात. लाख ही निसर्गात तयार होणारी राळ आहे आणि एक पॉलिमरही. ऊब आणि उजेड या दोहोंना ती प्रतिसाद देते. शंभर वर्षांपूर्वी इथून शंभरेक किलोमीटरवर, वाघोरा नदीच्या वळणावरच्या लेण्यांत, जगातल्या सर्वांत मोलाच्या भित्तिचित्रांवर याच चपड्याचा हात फिरवला गेला. तो का फिरवला, पुढे त्याचं काय झालं आणि तो काढण्यासाठी कोणी काय केलं, हा आपल्या शहराशी, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादशी, जोडलेला इतिहास आहे. शहरात तो फारसा सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते.

28 एप्रिल 1819 रोजी मद्रास फौजेतला कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीच्या निमित्तानं या दरीत आला आणि 10 क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून गेला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण चित्रांच्या दृष्टीनं खरी उलथापालथ पुढच्या पिढीत सुरू झाली. 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल यानं अजिंठा गावात मुक्काम ठोकून जवळपास वीस वर्षं कॅनव्हासवर तैलरंगात नकला उतरवल्या. त्यांतल्या बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत जळाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन येऊ लागले. तेरा वर्षं चाललेल्या त्या कामाचाही मोठा भाग लंडनमध्येच 1885 च्या आगीत गेला. नकला दोनदा जळल्या याची हळहळ पुष्कळ लोकांनी लिहून ठेवली आहे. मला त्याहून दुसरी गोष्ट जास्त सलते. काळवंडलेली चित्रं नीट दिसावीत म्हणून नकला उतरवणाऱ्यांनी मूळ भिंतीवर हलक्या प्रतीचं व्हार्निश फासलं. नक्कल उठावदार झाली आणि मूळ चित्राला दुखणं जडलं.

व्हार्निश फासल्यावर चित्र उजळतं कसं? अजिंठ्याचा रंग ओल्या चुन्यात मुरवलेला नाही. खडकावर मातीचा जाड गिलावा, त्यात दगडाची भुकटी, गवताचे तंतू आणि भाताचा भुसा. त्यावर मातीचाच बारीक थर, वर पांढऱ्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि निळ्यासाठी दूरदेशीचा लाजवर्द. दीड-दोन हजार वर्षांत हे चिकट द्रव्य झिजून गेलं की रंगाचे कण उघडे पडतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रंग फिका दिसतो. कोरडा गोटा पाण्यात बुडवला की त्याचा खरा रंग वर येतो, तेच व्हार्निशनं होतं. फरक इतकाच की पाणी उडून जातं आणि व्हार्निश राहतं.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अजिंठ्याचं भाग्य पालटलं. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार अशा तरुणांना सोबत घेऊन नव्यानं नकला केल्या. हैदराबादचे सय्यद अहमद हेही त्या कामात होते. पुढे लेण्यांची देखरेख त्यांच्याकडेच आली. 1914 मध्ये निजामाच्या राज्यात स्वतंत्र पुरातत्त्व खातं उघडलं आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. औरंगाबादेत सरस्वती भुवन संस्थेची सुरुवात 1915 ची. औरंगपुऱ्यातल्या त्या आवारात पुढे कितीतरी पिढ्यांनी विज्ञानाचे धडे घेतले. एकाच सुमारास एकीकडे शाळा उभी राहत होती आणि दुसरीकडे लेण्यांसाठी सरकारी दप्तर सुरू होत होतं.

यझदानी चित्रांच्या प्रेमात पडलेला माणूस होता. गिलावा सुटून फुगलाय, पोपडे पडतायत, वर काजळी आणि वटवाघळांची घाण, हे तो पाहत होता. त्या वेळी जगात भित्तिचित्रं दुरुस्त करणाऱ्यांचा सर्वांत मोठा अनुभव इटलीत होता. म्हणून निजाम सरकारनं लोरेंझो चेक्कोनी यांना त्यांचे सहायक ओर्सिनी यांच्यासह बोलावलं. 1920 ते 1922 या काळात त्यांनी इथं काम केलं. सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला धरवणं, तुटलेल्या कडा बांधून घेणं, वरची घाण उतरवणं आणि शेवटी संरक्षणासाठी स्पिरिटात विरघळवलेली लाख चढवणं, असा तो क्रम होता. आज अनेक ठिकाणचा गिलावा जागेवर दिसतो तो त्यांच्या हातगुणामुळे. लाखेच्या दोषापायी या दोघांना गुन्हेगार ठरवणारं लेखन मला पटत नाही. इटलीत भित्तिचित्रं पक्की करायला लाख वापरण्याची रीत होतीच. शिवाय लाख हिंदुस्थानचीच. ती स्वस्त, पारदर्शक, स्पिरिटात सहज विरघळणारी आणि हव्या तितक्या पातळ हातानं चढवता येणारी होती. त्या काळातल्या ज्ञानाप्रमाणे त्यांनी उत्तम ते निवडलं. नकलेच्या सोयीसाठी भिंतीवर व्हार्निश ओतणारे आणि भिंत वाचवण्यासाठी लाख चढवणारे एका मापानं मोजू नयेत.

पण लाखेचा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक नव्हता. तसा तो कोणालाच नव्हता. लाखेवर शास्त्रीय संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकुम इथं निघाली ती 1924 मध्ये, म्हणजे अजिंठ्यावर हात फिरवून झाल्यावर.

लाखेचा किडा कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसून रस पितो आणि अंगाभोवती राळेचं कवच उभारतो. या राळेतले रेणू आम्लांचे असतात आणि ते एकमेकांना साखळीनं जोडलेले असतात. गंमत अशी की या साखळ्यांना जोडून घेण्याची मोकळी टोकं शिल्लक राहतात. ऊब मिळाली की लाख आधी मऊ पडते. सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास ती वितळते, म्हणून तर तिची मोहोर उठवता येते आणि सोनाराला ती दागिन्यात भरता येते. मात्र ऊब फार वेळ मिळत राहिली तर मोकळी टोकं एकमेकांत गुंततात, साखळ्यांचं जाळं होतं आणि मग ती वितळतही नाही की स्पिरिटात विरघळतही नाही. भट्टीच्या तापमानाला हे तासाभरात होतं. मराठवाड्याच्या हवेत, भिंतीवरच्या पातळ थरात, त्याला काही दशकं लागतात. पण होतं तेच. उजेडातला अतिनील भाग या कामाला हातभार लावतो आणि राळेला पिवळट-तपकिरी करतो. लाखेत मुळातही पिवळं रंगद्रव्य असतंच.

म्हणजे 1922 साली काचेसारखी स्वच्छ दिसणारी ती झिलई पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मधासारखी पिवळी आणि मग तपकिरी होत गेली. पांढरे पिवळे झाले, निळे हिरवट दिसू लागले. वर धूळ आणि काजळी चिकटली. सर्वांत वाईट म्हणजे, कडक होताना हा थर आकसला आणि आकसताना खालचा रंग सोबत उचलू लागला. भिंतीतून बाहेर पडू पाहणारी ओल त्याच्यामागे अडली. आणि ज्या स्पिरिटनं तो उतरवता यायला हवा होता, त्याला तो आता दाद देईना.

यझदानींनी अजिंठ्यावर जे चार भागांचे ग्रंथ काढले त्यांतला पहिला 1930 चा, शेवटचा 1955 चा. पहिल्या भागातली चित्रं छापली तेव्हा लाख चढून दहा वर्षंही झाली नव्हती. म्हणून ते ग्रंथ कलेच्या अभ्यासकांइतकेच रसायनाच्या अभ्यासकांनाही मोलाचे आहेत. भिंत आज कशी दिसते आणि तेव्हा कशी दिसत होती, हे ताडून पाहायला तो आधार आहे.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. पन्नाशीच्या दशकात लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे गेली आणि नव्या पिढीनं नवी राळ आणली. ती होती पॉलिव्हिनिल ॲसिटेट, ज्याचं पाण्यात कालवलेलं रूप आपण सुतारकामाचा पांढरा गोंद म्हणून ओळखतो. सैल रंग पक्का करायला आणि वर संरक्षक थर द्यायला ती वापरली गेली. सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ बी. बी. लाल यांनी अजिंठ्याच्या चित्रांचं द्रव्य आणि त्यांची जपणूक यांवर लिहिलं. ते 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. ही राळ लाखेसारखी पिवळी पडत नाही आणि बराच काळ विरघळण्याजोगी राहते, हा तिचा मोठा गुण. पण हिलाही ऊब लागते. एरवी काचेसारखी कडक असणारी ती तीस अंशांच्या आसपास रबरासारखी नरम होऊ लागते. युरोपातल्या थंड दालनात हा आकडा कोणाला बोचत नाही. चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या मे महिन्यात मात्र तो सरळ आड येतो. नरम पडलेल्या थरावर धूळ बसते आणि रुतते. भिंतीवर काय लावायचं हे ठरवताना तिथला उन्हाळा विचारात घ्यायला हवा, हा धडा इथं पुन्हा मिळाला.

या साऱ्या थरांच्या खाली जे आहे त्याबद्दल मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कोणी काही शिकवायची गरज नाही. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी काळी माती आपल्या रोजच्या पाहण्यातली. ती फुगते ती माँटमोरिलोनाइट गटातल्या खनिजामुळे. या खनिजाच्या पापुद्र्यांची जाडी साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात. अजिंठ्याच्या गिलाव्यातही अशी फुगणारी माती आहे. त्यामुळे पावसाळ्यातली दमट हवा आणि लेण्यात दाटीनं उभ्या राहिलेल्या माणसांचा श्वास यांनी तो किंचित फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. वरचा लाखेचा कडक थर मात्र त्याच्याबरोबर हलत नाही. रंगाचे पोपडे सुटतात ते या ओढाताणीत.

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी हीच माती, हेच एक नॅनोमीटरचे पापुद्रे, नायलॉनमध्ये मिसळले आणि मोटारीच्या भागांसाठी कणखर, उष्णता सोसणारं द्रव्य तयार केलं. पॉलिमर आणि नॅनोकणांच्या संमिश्रांचं आधुनिक युग तिथून जोरात सुरू झालं असं मानतात. आज त्याच वंशातली कितीतरी संमिश्रं आहेत. त्यांतल्या काहींत पॉलिमरमध्ये चमकणारे नॅनोकण पेरलेले असतात आणि ऊब किंवा उजेड बदलला की त्यांची चमक बदलते. तापलं की रेणूंची थरथर वाढते, शोषलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी थरथरीत खर्च होते आणि चमक मंदावते. किती मंदावली यावरून, वस्तूला हात न लावता, तिचं तापमान सांगता येतं. भिंतीवरच्या जुन्या राळेचं वागणं समजून घ्यायला हे सारं शास्त्र कामाला येतं, कारण मातीचे सूक्ष्म पापुद्रे, वनस्पतींचे तंतू, चिकट द्रव्य आणि वरची चमकणारी राळ हे अजिंठ्याच्या भिंतीवर नकळत जुळून आलेलं संमिश्रच आहे.

प्रतिदीप्तीला शास्त्रात नाव मिळालं ते 1852 मध्ये, जॉर्ज स्टोक्स या केंब्रिजच्या शास्त्रज्ञामुळे. पण चित्रांच्या परीक्षेसाठी अतिनील दिवा पद्धतशीर वापरायला 1931 उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या जेम्स रोरिमर यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. चेक्कोनी परत जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. अंधारात हा दिवा लावला की भिंत वेगळीच बोलू लागते. लाख नारिंगी दिसते. डामरसारख्या झाडांच्या राळा हिरवट दिसतात. गेरू आणि काजळी काळीच राहतात. नंतरच्या काळात भरलेल्या जागा आजूबाजूपासून अलग उठून दिसतात. कोणी कुठपर्यंत हात फिरवला, कुठे तो दोनदा फिरला, कुठे ओघळला, हे कागदावर कधी लिहिलं गेलं नसलं तरी चमकेत नोंदलेलं असतं. अवरक्त किरणांचं काम उलट. ते तपकिरी राळेतून आरपार जाऊन खालची काजळीची रेघ दाखवतात. एका किरणानं वरचं आवरण कळतं, दुसऱ्यानं आवरणाखालचं चित्र.

हे चित्र मोकळं करण्याचं अवघड काम सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेचे राजदेव सिंह यांनी 1999 मध्ये हाती घेतलं. या शाखेच्या पश्चिम विभागाचं कार्यालय आपल्याच शहरात आहे. 9 आणि 10 क्रमांकाची लेणी अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी, इसवी सनापूर्वीची. तिथली चित्रं लाख आणि काजळीखाली इतकी दडली होती की बहुतेक अभ्यासक ती गेलीच असं धरून चालले होते. अवरक्त किरणांनी आधी खालचं चित्र शोधलं आणि मग सूक्ष्म पायसानं, म्हणजे मायक्रोइमल्शननं, वरचा थर उतरवायला सुरुवात झाली.

हे सूक्ष्म पायस मला फार आवडतं. लाख विरघळवणारं द्रव नुसतं लावलं तर विरघळलेली घाण त्या द्रवासोबत गिलाव्याच्या छिद्रांत खोल शिरते आणि तिथं कायमची बसते. नुसतं पाणी लावलं तर माती फुगते. म्हणून त्या द्रवाचे अगदी बारीक, नॅनोमीटरमध्ये मोजायच्या व्यासाचे थेंब पाण्यात तरंगत ठेवायचे आणि साबणासारख्या द्रव्यानं ते धरून ठेवायचे. थेंब राळेपाशी जातात, तिला फुगवतात, सैल करतात. सैल झालेली राळ पुन्हा भिंतीत मुरत नाही आणि पुसून घेता येते. एकंदर मिश्रणात तीव्र द्रव फार थोडं लागतं. भिंतीवर हे अंगठ्याएवढ्या तुकड्यावर करायचं, थांबायचं, भिंगातून पाहायचं आणि मग पुढच्या तुकड्याकडे वळायचं. हे तंत्र चित्रांसाठी प्रथम वापरलं गेलं ते फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची प्रार्थनागृहात, 1980 च्या दशकात, मेणबत्त्यांचे डाग काढायला. त्याचे जनकही इटालियनच, एन्झो फेरोनी आणि पिएरो बाल्योनी. ज्या देशातून लाखेची रीत आली, त्याच देशातून ती उतरवण्याची रीत यावी हे मला सुखावून जातं.

2014 मध्ये 10 क्रमांकाच्या लेण्यातल्या या चित्रांची बातमी जगभर झाली. साधारण दहा चौरस मीटर चित्रांवरचा बराचसा थर तोवर निघाला होता. दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे, मिशा, दागिने, डोळे. या कामावर सर्वांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. अजिंठ्यासाठी आयुष्य वेचलेले वॉल्टर स्पिंक यांनी सर्वेक्षणाच्या साफसफाईनं मूळ चित्रांना इजा होते असा आक्षेप घेतला होता. स्पिंक यांच्यासारख्या माणसाचा शब्द हलका नाही. माझ्या मते वाद लाख काढावी की नाही हा नसून काढणं कुठं थांबवावं हा आहे. रंगाला लागलेला शेवटचा पातळ पापुद्रा काढायच्या हट्टात रंगच हातात येतो.

गिलाव्याचा अभ्यासही याच शहरात झाला. विज्ञान शाखेच्या याच राजदेव सिंह यांनी मराठवाडा विद्यापीठातल्या अध्यापकांबरोबर अजिंठा आणि वेरूळच्या मातीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. 1958 मध्ये मोठ्या आशेनं सुरू झालेल्या, आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव धारण करणाऱ्या त्या विद्यापीठात तेव्हा वनस्पतिशास्त्राचे मिलिंद सरदेसाई होते. सिंह आणि सरदेसाई यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलं की वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आहेत. ओळख पटवण्यासाठी त्यांनी ताजे नमुने जमवले त्यांतला एक जालन्याचा होता. अजिंठ्यात भांग नाही आणि तिथल्या गिलाव्याला किडीनं पोखरलं आहे. वेरूळचा गिलावा त्या मानानं धड राहिला.

नव्या राळा येतच राहणार आहेत. तापमानाप्रमाणे चमक बदलणारी, उजेडानं आपोआप सैल होणारी, बटण दाबल्यासारखी उतरवता येतील अशी वचनं देणारी द्रव्यं प्रयोगशाळांत तयार होत आहेत आणि त्यांतलं एखादं उद्या अजिंठ्यासाठी सुचवलं जाईल. माझं मागणं एवढंच आहे की त्यांना आधी वाघोऱ्याच्या काठच्या कोऱ्या खडकावर, तिथल्याच मातीचा आणि भुशाचा गिलावा करून, त्यावर काही उन्हाळे आणि पावसाळे काढायला लावावं. दर मोसमात अतिनील दिव्याखाली त्यांची चमक मोजावी, ती उतरतात का हे दर वर्षी पाहावं आणि ते आकडे विद्यापीठातल्या मुलांनी लिहून ठेवावेत. चेक्कोनींना ही सवड मिळाली नव्हती. लेण्यांजवळच्या फर्दापूरहून बस सुटतात, विद्यापीठ दोन तासांच्या वाटेवर आहे आणि रसायनशास्त्र शिकणारी मुलं औरंगपुऱ्यातल्या वर्गांतून आजही बाहेर पडत आहेत.